पिवळ्या हेडलाइटचे हरवलेले कवच

मोटारीच्या हेडलाइटवर काही वर्षांनी जी पिवळट, धुरकट झाक दिसू लागते ती बाहेरून येऊन बसलेला मळ नसून त्या झाकणाच्या प्लॅस्टिकमध्येच घडून आलेला रासायनिक बदल असतो, आणि हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच ती झाक घालवण्याचे बहुतेक घरगुती उपाय थोड्याच आठवड्यांत निष्फळ ठरतात. मळ असता तर तो पुसून गेला असता. येथे मात्र प्लॅस्टिकचे संरक्षण करणारा एक अतिशय पातळ लेप ऊन, उष्णता आणि धूळ यांच्या माऱ्याने झिजलेला असतो आणि त्याखालचे उघडे पडलेले प्लॅस्टिक उन्हात विघटित होत असते. म्हणून हेडलाइट पुन्हा स्वच्छ करण्याच्या कामात घासणे आणि चकाकी आणणे हा अर्धाच भाग असून गेलेले कवच परत चढवणे हा त्या कामाचा खरा गाभा आहे.

गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे तालुक्याचे गाव या प्रश्नाचा विचार करण्यासाठी विशेष योग्य ठरते. हजिरा ते पारादीप असा पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, जो पूर्वी क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई, नागपूरहून रायपूरकडे जाताना या गावातून जातो, आणि पुढे शिरपूरच्या सीमा तपासणी नाक्यानंतर छत्तीसगडची हद्द सुरू होते. साकोलीपासून देवरीपर्यंतचा हा रस्ता नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यातून येतो, आणि ही दोन्ही जंगले डिसेंबर २०१३ मध्ये स्थापन झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. देवरीहून आमगावकडे आणि चिचगडकडे फुटणाऱ्या रस्त्यांवर गावाबाहेर पडताच दिव्यांचे खांब संपतात आणि वाहनचालकाला आपल्या हेडलाइटपलीकडे दुसरा कोणताही आधार उरत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या प्रदेशात हेडलाइटचे प्लॅस्टिक लवकर म्हातारे होते आणि नेमक्या याच प्रदेशात त्याची गरज सर्वाधिक असते.

हेडलाइटच्या पुढच्या पारदर्शक झाकणाला आजही सर्वत्र काच म्हटले जात असले तरी अलीकडच्या मोटारींत ते काचेचे नसते. हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या गोल दिव्यांवर खरी काच असे. ती दगड लागून फुटे, तिच्यामागचा परावर्तक म्हणजे प्रकाश पुढे फेकणारा चकचकीत वाडगा गंजून काळा पडे, पण ती काच स्वतः कधी पिवळी पडत नसे. काचेची जागा घेणाऱ्या पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचा शोध १९५३ मध्ये दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी लागला. जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे डॅनियल फॉक्स हे दोघे रसायनशास्त्रज्ञ एकमेकांच्या कामाची माहिती नसताना त्याच पदार्थापर्यंत पोहोचले, आणि पुढे तो ‘माक्रोलोन’ व ‘लेक्सान’ या व्यापारी नावांनी जगभर गेला. अमेरिकेत १९४० पासून मोटारींना ठरावीक आकाराचे, काचेचे, बंदिस्त दिवे बसवणे सक्तीचे होते. १९८३ मध्ये ती सक्ती शिथिल झाली आणि १९८४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क सेव्हन या गाडीपासून तेथे प्लॅस्टिकच्या झाकणाचे, बल्ब बदलता येणारे हेडलाइट रस्त्यावर आले. भारतात १९९१ नंतरच्या खुल्या धोरणाच्या काळात ज्या नव्या घडणीच्या गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर ही पद्धत हळूहळू रूढ झाली.

हा बदल केवळ दिखाव्यासाठी झाला असे समजणे अन्यायाचे होईल. पॉलिकार्बोनेटची घनता पाण्याच्या सुमारे १.२ पट असते तर साध्या काचेची सुमारे अडीच पट असते, म्हणजे तेवढ्याच आकाराचे झाकण निम्म्याहून कमी वजनात तयार होते. ते साच्यात हवे तसे वळवता येते आणि पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेली गिट्टी लागली तरी ते फुटून त्याचे तुकडे उडत नाहीत. गिट्टी आणि मुरूम वाहणाऱ्या वाहनांमागून ज्यांना रोज जावे लागते त्यांना या गुणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मात्र या पदार्थाच्या दोन उणिवा आहेत. तो मऊ असल्यामुळे त्यावर सहज ओरखडे पडतात, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. या दोन्ही उणिवा झाकण्यासाठी कारखान्यातच झाकणाच्या बाहेरच्या पृष्ठावर सिलिकॉनयुक्त किंवा अॅक्रिलिक प्रकारचा एक कठीण लेप चढवला जातो, ज्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. या लेपाची जाडी साधारणपणे ५ ते १५ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि यावरून हेडलाइटचे सारे आयुष्य किती पातळ आवरणावर अवलंबून असते याची कल्पना येते.

लेप झिजल्यावर काय घडते ते समजून घेण्यासाठी पॉलिकार्बोनेटची रचना थोडी पाहावी लागते. हा बहुवारिक आहे, म्हणजे एकाच प्रकारचे लहान रेणू एकामागून एक जोडले जाऊन त्याच्या लांबच लांब साखळ्या बनलेल्या असतात. या साखळीतील मूळ घटक बिस्फेनॉल-ए हा असून दोन घटकांना जोडणारा दुवा कार्बोनेट गटाचा असतो. वातावरणातील ओझोनमुळे सूर्याचे सर्वांत घातक अतिनील किरण वरच अडतात, पण सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. त्यांपैकी लहान तरंगलांबीचे किरण शोषले गेले की कार्बोनेट दुवा तुटतो आणि तुटलेले टोक शेजारच्या वलयावर वेगळ्या जागी जाऊन बसते. या क्रियेला जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्राइस यांच्या नावावरून फ्राइस पुनर्रचना असे म्हणतात. लांब तरंगलांबीच्या किरणांमुळे हवेतील ऑक्सिजनच्या साह्याने साखळी हळूहळू ऑक्सिडीकृत होत जाते, आणि या मार्गाला प्रकाश-ऑक्सिडीकरण असे म्हणतात. दोन्ही मार्गांनी शेवटी अशी संयुगे तयार होतात की जी निळा प्रकाश शोषून घेतात, आणि पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की उरलेला प्रकाश डोळ्याला पिवळा दिसतो.

पिवळेपणाबरोबर येणारी धुरकटी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. साखळ्या तुटल्यामुळे पृष्ठभाग ठिसूळ होतो, दिवसा तापून रात्री थंड होताना लेप आणि त्याखालचे प्लॅस्टिक वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत असल्यामुळे लेपाला बारीक तडे जातात, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्या तड्यांत धूळ व ओल शिरते. प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढी असते, आणि पृष्ठभागावरचा खडबडीतपणा त्याच्या आसपासच्या मापाचा झाला की प्रकाश सरळ न जाता सर्व दिशांना विखुरतो. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो आणि तीच साखर दळली की पांढरी अपारदर्शक दिसते, ती याच कारणाने. यातूनच एक फसवा अनुभव येतो. पावसात किंवा गाडी धुताना हेडलाइट ओला झाला की तो जवळजवळ नव्यासारखा स्वच्छ दिसतो, कारण पाणी बारीक खाचा भरून काढते आणि प्रकाशाचे विखुरणे तेवढ्यापुरते कमी होते. वाळल्यावर धुरकटी परत येते. दिवा खरोखर किती खराब आहे हे तपासायचे असेल तर तो पूर्ण कोरडा करूनच पाहिला पाहिजे.

या सर्व क्रियेत दिलासा देणारी एक बाब आहे. बिघडलेला थर स्वतःच अतिनील किरण शोषून घेत असल्यामुळे नुकसान आतपर्यंत पोहोचत नाही. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या झाकणात ते वरच्या काही शतांश मिलिमीटरपुरतेच मर्यादित राहते आणि आतील प्लॅस्टिक निरोगी असते. हेडलाइट पुन्हा स्वच्छ करता येतो तो केवळ यामुळे.

देवरीचे हवामान या ऱ्हासाला सर्व बाजूंनी अनुकूल आहे. गावाचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, आणि त्यांपैकी पहिला शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे आकाश निरभ्र आणि ऊन सर्वांत प्रखर असतानाच येतो. त्यानंतर काही आठवड्यांतच पावसाळा सुरू होतो, आणि तापून तडकलेल्या लेपात महिनोन्महिने ओल मुरते. पाऊस सरला की धानकापणीच्या आणि मळणीच्या दिवसांत शेताकडच्या रस्त्यांवर धूळ उडते, आणि कोरड्या फडक्याने ती पुसण्याची सवय लेपाला जागोजागी खरवडून काढते. सदैव घराच्या पश्चिमेला उभ्या राहणाऱ्या गाडीचा एकच दिवा दुसऱ्याआधी पिवळा पडलेला दिसतो, यामागचे कारणही साधे आहे: दुपारनंतरचे ऊन ज्या बाजूला लागते ती बाजू आधी झिजते. धुलाईसाठी वापरली जाणारी तीव्र क्षारधर्मी पावडर पॉलिकार्बोनेटच्या कार्बोनेट दुव्यांवर हल्ला करते, तर पेट्रोल किंवा थिनरचा बोळा फिरवला की आधीच ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात, जे पुढे कोणत्याही उपायाने जात नाहीत.

या झिजेचा रस्त्यावर काय परिणाम होतो याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील वाहनचालकांच्या एएए या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचण्यांत असे आढळले की अतिशय खराब झालेला हेडलाइट नव्या हेडलाइटच्या केवळ २२ टक्के एवढाच प्रकाश देतो आणि तोच घासून स्वच्छ केल्यावर सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत येतो. या आकड्यांचा अर्थ नीट उलगडला पाहिजे. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की पडणारा प्रकाश चौथाई होतो, म्हणजे प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. या नियमानुसार प्रकाश २२ टक्क्यांवर आला तर तेवढ्याच स्पष्टतेने वस्तू दिसण्याचे अंतर मूळच्या सुमारे ४७ टक्क्यांवर येते. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या प्रकाशझोतात, गडद कपड्यांतला पादचारी नव्या दिव्याने ६० मीटरवरून दिसतो असे धरले तर खराब दिव्याने तो सुमारे २८ मीटरवर आल्यावर दिसेल. चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागतो आणि कोरड्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो, असे गृहीत धरून हिशेब केला तर ६० मीटरच्या आत थांबण्यासाठी गाडीचा वेग ताशी जास्तीत जास्त ७० किलोमीटरच्या आसपास असू शकतो, आणि २८ मीटरच्या आत थांबायचे असेल तर तो ४० च्या थोडाच वर असावा लागतो. स्वच्छ केलेल्या, ७० टक्के प्रकाश देणाऱ्या दिव्याने हाच आकडा पुन्हा ६० च्या पुढे जातो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातील फरक इतका मोठा आहे की बारीकसारीक दुरुस्त्यांनी तो पुसला जाणार नाही.

या आकड्यांमागची माणसे आणि जनावरे देवरीच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष असतात. चैत्राच्या सुमारास मोहफुले गळू लागली की ती वेचण्यासाठी बायकामुले पहाटेच्या अंधारातच टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेने निघतात. मागे परावर्तक नसलेली सायकल, धानाच्या पेंढ्या भरलेली बैलगाडी, रस्ता ओलांडणारी रानडुकरे किंवा चितळांचा कळप यांपैकी कोणाच्याही अंगावर स्वतःचा दिवा नसतो, आणि मासुलकसा घाटाच्या वळणांवर त्यांना दिसायला मिळणारे अंतर आधीच थोडे असते. धुरकट दिव्याचा आणखी एक दोष असा की हरवलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो विखुरून वर आणि बाजूला जातो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो आणि पौष-माघातल्या धुक्यात चालकाच्याच समोर पांढरी भिंत उभी करतो. प्रकाश कमी वाटतो म्हणून मूळ ६०/५५ वॅटच्या हॅलोजन बल्बच्या जागी ९० किंवा १०० वॅटचा बल्ब बसवणे हा या स्थितीत सर्वांत चुकीचा उपाय ठरतो. विखुरणारा प्रकाश त्याने वाढतोच, शिवाय जास्त उष्णतेने परावर्तकाचा थर जळतो, होल्डर आणि वायरिंग वितळते, आणि झाकणाचा ऱ्हास आतूनही सुरू होतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ओळखावे लागते. ओल्या बोटाने घासल्यावर खडबडीतपणा जाणवत असेल आणि पाणी लावताच झाकण स्वच्छ दिसत असेल तर दोष बाहेरच्या पृष्ठावर आहे आणि तो दूर होण्याजोगा आहे. पाणी लावूनही धुरकटी कायम राहत असेल, आत बाष्प साचत असेल किंवा परावर्तकाची चकाकी गेलेली असेल तर बाहेरून कितीही घासले तरी प्रकाश वाढणार नाही. कधी कधी दिवा स्वच्छ असूनही मंद जळतो, आणि तेव्हा अर्थिंगच्या गंजलेल्या जोडामुळे बल्बपर्यंत पुरेसा विद्युतदाब पोहोचत नसतो.

घरगुती उपायांपैकी टूथपेस्टचा बोलबाला सर्वाधिक आहे आणि तो अगदीच निराधार नाही. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका यांसारखे सौम्य घर्षक कण असतात, त्यामुळे वरची हलकी धुरकटी काही प्रमाणात निघते. पण उरलासुरला लेपही त्याबरोबर निघतो आणि त्याच्या जागी नवे संरक्षण काहीच येत नाही, म्हणून काही आठवड्यांत दिवा पूर्वीहून लवकर पिवळा पडू लागतो. रॉकेल किंवा गंज सोडवण्याचे फवारे यांनी मिळणारी चमक तर ओल्या दिव्याच्या चमकेसारखीच असते: तेल खाचांत भरते, आणि ते उडून गेले की सारे पूर्ववत होते. डीईईटी हे द्रव्य असलेले डास पळवणारे मलम चोळल्यास पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग किंचित विरघळतो आणि सपाट झाल्यासारखा दिसतो, पण त्या विरघळण्यातच पुढच्या तड्यांची बीजे असतात.

अलीकडे एका लहान तापणाऱ्या भांड्यातून रसायनाची वाफ हेडलाइटवर सोडून तो क्षणात चकचकीत करण्याची पद्धत पसरली आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. या वाफेत डायक्लोरोमिथेनसारखे क्लोरीनयुक्त द्रावक वापरले जाते, जे वरचा थर वितळवून ओरखडे मिटवते. ते श्वासावाटे शरीरात गेल्यास मेंदूवर परिणाम करते, कर्करोगाला कारणीभूत ठरू शकते, आणि बंद जागेत त्याने माणसे दगावलेली आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या सर्व घरगुती आणि बहुतेक औद्योगिक वापरांवर बंदी आणली. शटर अर्धे ओढलेल्या गॅरेजात, तोंडाला केवळ रुमाल बांधून हे काम करणाऱ्या मुलाचा जीव एका हेडलाइटच्या चमकेपेक्षा मोलाचा आहे, आणि ग्राहकाने ही पद्धत नाकारणे हाच त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

योग्य पद्धतीची सुरुवात धुण्यापासून होते. झाकण साध्या सौम्य साबणाने धुऊन, भोवतालच्या बॉनेटच्या आणि बंपरच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर लावून घेतले जातात, कारण हात जरा सरकला तरी रंग खरवडला जातो. त्यानंतर वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरने, पृष्ठभाग क्रमाक्रमाने घासला जातो. पेपरचा नंबर वाढेल तसे त्यावरचे कण लहान होतात: ८०० नंबरच्या पेपरवरील कणांचे माप सुमारे २२ मायक्रॉन असते, १००० नंबरचे १८, १५०० चे साडेबारा आणि २००० चे सुमारे १०. प्रत्येक पुढच्या पेपरचे काम आधीच्या पेपरचे ओरखडे घालवणे एवढेच असते, आणि ते पूर्ण झाले की नाही हे कळावे म्हणून दर वेळी घासण्याची दिशा बदलतात. एक पेपर आडवा चालवला तर पुढचा उभा, म्हणजे आडवी रेघ उरली असेल तर ती लगेच दिसते. घाईने मधला नंबर वगळल्यास खोल ओरखडे तसेच राहतात आणि ते शेवटच्या चकाकीतही लपत नाहीत.

या टप्प्यावर पेपरखालून निघणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवणारा मिस्त्री अर्धी लढाई जिंकतो. सुरुवातीला ते पाणी पिवळट निघते, कारण जुना लेप आणि बिघडलेला थर सुटत असतो. निरोगी प्लॅस्टिक लागले की ते दुधासारखे पांढरे होते. जुना लेप कडेला किंवा कोपऱ्यात थोडाही शिल्लक राहिला तर नव्या लेपाखाली त्याची सीमारेषा उमटते आणि पुढे तेथूनच पापुद्रे सुटतात, म्हणून कोपऱ्यांना बोटांनी घासण्याचा कंटाळा करता कामा नये. पाणी सतत घालत राहणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडते. कोरडा पेपर किंवा एकाच जागी दाबून धरलेले बफिंग मशीन तेवढी उष्णता पृष्ठभागावर सहज निर्माण करू शकते, आणि तसे झाले की तेथे कायमचा ओघळ उमटतो.

येथून दोन वाटा फुटतात, आणि बहुसंख्य काम बिघडते ते त्यांतील फरक माहीत नसल्यामुळे. पहिल्या वाटेने २००० आणि ३००० नंबरपर्यंत घासून, पॉलिशिंग कंपाऊंडने बफिंग करून झाकण आरशासारखे केले जाते, आणि त्यावर वॅक्स किंवा सीलंट चोळले जाते. दिवा त्याच क्षणी नव्यासारखा दिसतो, ग्राहक समाधानाने पैसे देतो, पण प्रत्यक्षात उघडे पॉलिकार्बोनेट विदर्भाच्या उन्हाला सामोरे केलेले असते. वॅक्सचे संरक्षण काही आठवड्यांचे असते, आणि ते नियमित लावत राहण्याचे पथ्य फारच थोडे मालक पाळतात. दुसऱ्या वाटेने घासणे १००० किंवा फार तर १५०० नंबरवर थांबवले जाते, झाकण मुद्दाम एकसारखे धुरकट ठेवले जाते आणि त्यावर अतिनील किरण शोषणाऱ्या द्रव्यांनी युक्त असा दोन घटकांचा क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर मिसळलेला पारदर्शक पॉलियुरेथेन लेप, फवारला जातो. पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, पण त्यामागे भक्कम कारण आहे. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारी संख्या, सुमारे १.५८ असतो आणि या लेपाचा १.५ च्या जवळपास असतो. दोन्ही इतके जवळ असल्यामुळे लेप बारीक ओरखड्यांत शिरला की ओरखडे प्रकाशाला जवळजवळ दिसेनासे होतात, आणि पाण्याने तात्पुरते जे साधते ते येथे टिकाऊ रूपात साधले जाते. शिवाय खडबडीत पृष्ठाला लेप घट्ट धरतो, तर आरशासारख्या पृष्ठावरून तो सोलून निघतो.

लेपापूर्वी झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढला जातो आणि त्यानंतर त्याला बोट लावले जात नाही. पातळ थरांत, मध्ये काही मिनिटांचा अवधी ठेवून, लेप दोनदा दिला जातो. एकदम जाड थर दिल्यास तो ओघळतो आणि त्यात अडकलेले द्रावक खालच्या प्लॅस्टिकवर ताण आणते. या लेपाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात, ज्यांच्या फवाऱ्याने दम्याचा कायमचा विकार जडू शकतो, म्हणून योग्य कार्ट्रिज असलेला मास्क आणि मोकळी हवा यांना पर्याय नाही. हीच द्रव्ये ओलाव्याशीही अभिक्रिया करतात, त्यामुळे आषाढ-श्रावणात दिलेला लेप पांढुरका पडण्याची किंवा त्यात बुडबुडे राहण्याची शक्यता मोठी असते. देवरी परिसरात या कामासाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे मळणीची धूळ खाली बसल्यानंतरचा, हिवाळ्यातील दव ओसरल्यावरचा उन्हाचा प्रहर. हवा कोरडी असते, झाकण कोमट असते आणि लेप पसरायला पुरेसा वेळ मिळतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या झाकणावर फवारलेला लेप पसरण्याआधीच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उमटतो.

ज्यांना फवारणीची सोय नाही त्यांच्यासाठी पारदर्शक संरक्षक फिल्म हा चांगला पर्याय आहे. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची ही चिकट फिल्म अतिनील किरण अडवते, बारीक गिट्टीचा मारा सोसते आणि खराब झाल्यावर काढून बदलता येते. तिचा खरा उपयोग मात्र नव्या गाडीवर होतो, जेव्हा कारखान्यातील लेप शाबूत असतो. जी गाडी वर्षभर उघड्यावरच उभी राहणार आहे, तिच्या मालकाने पहिल्याच उन्हाळ्याआधी एवढा खर्च केला तर पुढच्या घासाघाशीची वेळ बऱ्याच वर्षांनी पुढे जाते. उन्हात गाडीचे तोंड उत्तरेकडे करून उभी करणे आणि हेडलाइटवर साधे जाड कापड टाकणे यांना तर काहीच खर्च येत नाही.

स्वच्छ केलेला दिवा नव्याची बरोबरी करत नाही, हे एएएच्या आकड्यांवरून दिसलेच आहे. त्याच चाचण्यांत मूळ कंपनीचे नवे दिवे पूर्ण प्रकाश देणारे आणि इतर उत्पादकांचे पर्यायी दिवे ८३ ते ९० टक्के प्रकाश देणारे ठरले. म्हणून आतून तडकलेले, परावर्तक जळालेले किंवा अनेकदा घासून पातळ झालेले हेडलाइट बदलणेच योग्य असते. बदललेला किंवा दुरुस्तीसाठी काढून परत बसवलेला दिवा मूळ कोनात बसेलच असे नसते, त्यामुळे प्रकाशझोताची दिशा पुन्हा तपासावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार समोरचा प्रकाश खाली असा झुकलेला असला पाहिजे की दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे त्याने दिपू नयेत. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीतही हेडलाइटचा झोत पाहिला जातो. सपाट जागेवर भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर गाडी उभी करून, दीड मीटर उंचीवर खडूची आडवी रेघ ओढून आणि डिपर लावून पाहिले तर झोताची वरची कड त्या रेघेच्या बरीच खाली राहते की नाही हे कोणालाही तपासता येते. ती वर जात असेल तर दिव्यामागचा समायोजनाचा स्क्रू फिरवून झोत खाली आणला जातो, आणि ही तपासणी गाडीत नेहमीचा भार असताना केली जाते, कारण डिकीत धानाची पोती भरली की गाडीचे तोंड उचलले जाते आणि रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.